मुंड्यावरचा घोडेस्वार : कलावस्तू की साक्ष?

आदिवासींच्या कलेविषयी मराठीत जे लिहिले जाते त्याची शब्दसंपदा ठरून गेलेली आहे. सहज, निरागस, आदिम, लयबद्ध, निसर्गाशी एकरूप अशी पाच-सहा विशेषणे हाताशी असली की लेख पूर्ण होतो. गंमत अशी की दलित साहित्याच्या बाबतीत 'अनुभव अस्सल आहे, पण कलात्मकता उणी आहे' असा निर्वाळा देणारे आपले समीक्षक आदिवासींच्या बाबतीत नेमके उलटे बोलतात. तेथे त्यांना कलात्मकता दिसते आणि अनुभव दिसत नाही. दोन्ही निर्वाळ्यांमागची दृष्टी एकच आहे असे माझे मत आहे. एकाचे म्हणणे ऐकायचे नसते म्हणून त्याला कला नाकारायची आणि दुसऱ्याचे म्हणणे ऐकायचे नसते म्हणून त्याच्या पदरात फक्त कलाच टाकायची.

हे विधान मला एका वस्तूच्या आधाराने तपासून पाहायचे आहे. ती वस्तू म्हणजे कोरकूंचा मुंडा. सातपुड्यातील कोरकू आपल्या मृतांच्या स्मरणार्थ लाकडाचा जो कोरीव खांब किंवा फळी उभी करतात तिला मुंडा म्हणतात. अमरावती जिल्ह्यातील मेळघाट आणि त्याला लागून असलेले मध्य प्रदेशातील बैतूल, खंडवा, होशंगाबाद, छिंदवाडा हा या लोकांचा मुलूख. (होशंगाबादचे नाव २०२२ पासून नर्मदापुरम आहे.) त्यांची कोरकू भाषा ही मुंडा भाषाकुळातील सर्वांत पश्चिमेकडची भाषा. तिची सख्खी नाती संथाळी आणि मुंडारीशी, म्हणजे शेकडो कोसांवरच्या छोटानागपूरशी आहेत. खांबाचे नाव आणि भाषाकुळाचे नाव सारखे दिसते म्हणून त्यांचा संबंध जोडण्याची घाई करण्याचे कारण नाही. पण एवढे ध्यानात ठेवावे की हा समाज मराठी आणि हिंदी यांच्या मधोमध आपली तिसरीच भाषा बोलत आला आहे, आणि त्याच्याविषयीचे सारे लेखन मात्र इंग्रजी, हिंदी आणि मराठीत झालेले आहे.

त्या लेखनाचे एक मोठे केंद्र आपले नागपूर होते हे आपण विसरतो. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी येथे राहून गोंडांच्या भाषेची आणि गीतांची टिपणे करीत होता. टाकळघाटच्या शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी तो पुरात बुडून मरण पावला. त्याची टिपणे मध्य प्रांताचा तत्कालीन मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल याने १८६६ मध्ये ग्रंथरूपाने छापली. लिंगोचे प्रसिद्ध गोंडी गीत त्यात आहे. ते परधान गायकाच्या तोंडून उतरविलेले, पण ग्रंथावर नावे हिस्लॉप आणि टेंपल यांची. १८६३ सालीच नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झाले. नागपूरकर त्याला अजब बंगला म्हणतात. या नावात लोकांचा उपहास आहे की कौतुक हे सांगणे कठीण, पण नाव अर्थपूर्ण आहे. ज्याचे जगणे राज्यकर्त्याला अजब वाटते त्याच्या वस्तू बंगल्यात आणि तो स्वतः बंगल्याच्या बाहेर, ही त्या काळची व्यवस्था होती. पुढे १९१६ मध्ये आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ आला. कोरकूंच्या मरणविधीचे तपशीलवार वर्णन त्यात मिळते. ज्यांनी हे लिहिले ते प्रशासक होते, ज्यांच्याविषयी लिहिले ती त्यांची प्रजा होती. तरीही त्या वर्णनातले तपशील आजच्या अनेक सौंदर्यवादी लेखांपेक्षा अधिक उपयोगी आहेत, हे मान्य करायला हवे.

त्या नोंदींचा सारांश असा. कोरकू मृताला बहुधा पुरतात. काही दिवसांनी घरचे लोक थडग्यापाशी हळकुंड नेतात, त्याचे तुकडे पानाच्या द्रोणात ठेवून त्यावर पाणी ओततात आणि आज याला पितरांमध्ये पाठविले असे देवाला साक्षी ठेवून सांगतात. ते तुकडे कापडात बांधून घराच्या आढ्याला टांगले जातात. मोठा विधी त्यानंतरचा. त्याला सिडोली म्हणतात. प्रत्येक कुळाची सिडोलीची जागा वेगळी आणि ठरलेली असते. खर्चाची तजवीज होईपर्यंत हा विधी लांबतो, कधी काही वर्षेही लोटतात. मग जंगलातून निर्दोष लाकूड, बहुतेक वेळा साग, निवडून आणतात आणि त्याचा मुंडा घडवितात. त्यावर सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. खाली घोड्यावर बसलेली, हाती शस्त्र घेतलेली मृताची आकृती असते. रसेल आणि हिरालाल यांनी आणखी दोन आकृत्या नोंदविल्या आहेत. एक कोळी, म्हणजे जाळे विणणारा जीव, आणि दुसरी माणसाचा कान.

या विधीत ब्राह्मण नाही. संस्कृत मंत्र नाही. मृताला मुक्ती मिळाली की नाही याचा निकाल देणारा बाहेरचा अधिकारी नाही. जो मेला त्याचे काय करायचे हे त्याचे कुळ ठरविते, कुळाच्या जागेवर ठरविते आणि कुळाच्या भाषेत ठरविते. ज्यांच्या पूर्वजांना स्मशानातसुद्धा वेगळी जागा दाखविली गेली त्या आपल्यासारख्या वाचकाला ही गोष्ट लहान वाटू नये.

आता त्या घोडेस्वाराकडे वळू.

मुंड्यावरचा घोडा पाहून अभ्यासक सहसा दोन गोष्टी सांगतात. पहिली, ही वीरगळाची नक्कल आहे. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गावोगाव दगडी वीरगळ आहेत, त्यांवरही चंद्र-सूर्य आहेत, शस्त्रधारी वीर आहेत. तेव्हा मैदानातील क्षत्रियांचे पाहून डोंगरातील कोरकूंनी तेच लाकडात उतरविले. दुसरी गोष्ट, कोरकूंमधील काही घराणी स्वतःला राज-कोरकू म्हणवून राजपूत वंशाचा दावा करतात, म्हणून हा घोडा म्हणजे वरच्या वर्णात शिरण्याची धडपड. या दोन्ही मतांत तथ्याचा अंश असेल. परंतु दोन्ही मतांचे गृहीतक असे की घोडा मुळात कोणातरी दुसऱ्याचा आहे आणि आदिवासीने तो उसना घेतला आहे.

हे गृहीतक आपल्याच विदर्भाच्या मातीत टिकत नाही. नागपूरजवळच्या माहुरझरीला आणि नायकुंडला जी शिलावर्तुळे उकरली गेली, त्यांत लोहयुगातील माणसांबरोबर पुरलेल्या घोड्यांचे अवशेष मिळाले. त्यांच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार मिळाले, लोखंडी लगाम मिळाले. १९७०च्या दशकात शां. भा. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या उत्खननांमुळे हे प्रकाशात आले. ही दफने ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातील आहेत. त्या लोकांचे वंशज कोरकू आहेत असा दावा मी करीत नाही. तीन हजार वर्षे ओलांडून सरळ वंशावळ जुळविण्याचा उद्योग ज्यांना करायचा आहे त्यांनी करावा. माझे म्हणणे एवढेच की मृताला घोडा देण्याची कल्पना या भूमीवर वर्णव्यवस्थेच्या कोणत्याही ताम्रपटापेक्षा जुनी आहे. तिच्यावर क्षत्रियाची मालकी सांगणे हा इतिहास नव्हे.

आणि समजा, घोडा उसना घेतला आहे. मग तो का घेतला हा प्रश्न उरतोच. ज्याने आयुष्यभर डोंगरउतारावर कोदो-कुटकी पेरली, महुआ वेचला, वनखात्याच्या कामावर मजुरी केली, सावकाराचे देणे फेडले, त्याला मेल्यावर घोड्यावर का बसवावेसे वाटले? या प्रश्नाचे उत्तर सौंदर्यशास्त्रात मिळणार नाही. ते आपल्या वर्तमानात मिळते. २०१८ साली उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात एका दलित नवरदेवाला गावातून वरात नेता यावी म्हणून उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. त्याच वर्षी मार्च महिन्यात गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात घोडा बाळगला आणि त्यावर बसला म्हणून एका दलित तरुणाचा खून झाल्याची फिर्याद नोंदली गेली. घोडा हे जनावर राहिलेले नाही. कोण कोणाच्या नजरेपेक्षा उंच बसणार याचा तो प्रश्न आहे. जिवंतपणी ज्याला ती उंची मिळाली नाही त्याला त्याच्या माणसांनी सागाच्या फळीवर ती दिली. याला नक्कल म्हणावे की हक्काची नोंद म्हणावे हे प्रत्येकाने आपापल्या अनुभवाने ठरवावे. मी त्याला नोंद म्हणतो.

चंद्र-सूर्यांकडेही याच नजरेने पाहावे. जुन्या शिलालेखांत आणि दानपत्रांत जमीन दान देताना हे दान चंद्रसूर्य असेतोवर चालेल असे म्हटलेले असते, आणि शिळेच्या माथ्यावर चंद्र-सूर्य कोरलेले असतात. ती राजाची मुद्रा आहे, काळाच्या मर्यादेविषयीचे कायद्याचे विधान आहे. तीच चिन्हे कोरकूच्या लाकडावर आली की आपण त्यांना 'निसर्गपूजा' म्हणून मोकळे होतो. राजाने कोरले की हक्क आणि आदिवासीने कोरले की निसर्गप्रेम, हा भेद चिन्हात नसून वाचणाऱ्याच्या डोळ्यात आहे. आमचा माणूस येथे होता, येथेच आहे, आणि चंद्रसूर्य असेतोवर ही जागा त्याची आहे, असा अर्थ त्या चिन्हांतून मी काढतो. तो अंतिम आहे असा माझा आग्रह नाही. परंतु ज्यांनी आजवर दुसरा अर्थ लावला त्यांनीही तो कोरकूंना विचारून लावलेला नव्हता.

कान आणि कोळी यांचा उलगडा करण्याच्या फंदात मी पडत नाही. ज्या समाजाचे ज्ञान बोलण्यात आणि ऐकण्यात साठलेले आहे त्याने आपल्या मृताजवळ कान कोरावा, इतके मला पुरेसे बोलके वाटते.

कोरकूंची उत्पत्तिकथा येथे आठवणे भाग आहे. सातपुडा निर्मनुष्य आहे हे पाहून रावणाने महादेवाला विनंती केली. महादेवाने कावळ्याला पाठवून लाल मातीचे वारूळ शोधले आणि त्या मातीच्या दोन प्रतिमा घडविल्या. इंद्राच्या घोड्यांनी त्या तुडविल्या. मग महादेवाने कुत्र्यांच्या प्रतिमा करून घोड्यांना पळवून लावले, मातीच्या माणसांत प्राण घातला, आणि मुला व मुलाई हे आद्य जोडपे जन्मले. या कथेत विनंती करणारा रावण आहे आणि घोडा इंद्राचा आहे. माणसाला मातीत मिळविणारा तो घोडा आहे. मरणानंतर मात्र हाच कोरकू घोड्यावर स्वार झालेला दिसतो. कथा आणि मुंडा यांना शेजारी ठेवून वाचले तर एक वर्तुळ पूर्ण होताना दिसते: प्रतिमेतून जन्मलेला माणूस पुन्हा प्रतिमेत जातो, पण जाताना घोड्याच्या टापांखालून निघून त्याच्या पाठीवर जातो. मूर्तिकलेच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात एवढी मोठी उलथापालथ इतक्या थोड्या रेषांत मी पाहिलेली नाही.

येथपर्यंत आकृतीविषयी झाले. आता नावाविषयी.

मुंड्यावर नाव नसते. लिपी नाही म्हणून नाव नाही. तो कोणाचा हे कुळाला ठाऊक असते, आणि कुळ जागेवर असेपर्यंत ते ठाऊक राहते. दलित चळवळीच्या इतिहासात याच्या अगदी उलट उदाहरण आहे. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगाव भीमा येथे झालेल्या लढाईचा स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारला, परंतु त्यावर पडलेल्या सैनिकांची नावे कोरली गेली. त्यांतल्या 'नाक' या प्रत्ययाच्या नावांनी महारांना आपले पूर्वज दगडावर वाचता आले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे गेले आणि त्या दगडाचा मालक बदलला. साम्राज्याचा स्तंभ अस्पृश्यांच्या स्वाभिमानाचा स्तंभ झाला. हे घडू शकले कारण तेथे नाव होते आणि स्तंभ जागेवर होता.

मुंड्याला नाव नाही, म्हणून त्याला जागेवाचून दुसरा आधार नाही. तो उपटला की त्याच क्षणी माणूस पुसला जातो आणि लाकूड उरते. संग्रहालयाच्या पाटीवर मग 'लाकडी स्मृतिफलक, कोरकू, विसावे शतक' एवढेच लिहिता येते. परदेशांतील आदिवासी-कलेच्या बाजारात कोरकू स्मृतिफलक विकायला असतात. विकत घेणाऱ्याला लाकडाचे वय आणि उंची सांगतात. तो कोणाचा बाप होता, कोणाचा आजा होता, त्या गावाचे नाव काय होते आणि तो कोणाच्या हातून किती पैशांना सुटला, हे कोणी सांगत नाही. माणसांची तस्करी गुन्हा आहे. पूर्वजांची तस्करी मात्र कलाप्रेम ठरते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. मुंडे उघड्यावर असतात, ऊन-पावसात कुजतात, वाळवी लागते. संग्रहालयांनी नेले नसते तर काहीच उरले नसते. शिवाय सर्वच संग्राहक सारखे नव्हते. १९८२ मध्ये भोपाळला भारत भवन उघडले तेव्हा जगदीश स्वामीनाथन यांनी आदिवासींची कला आणि शहरी चित्रकारांची कला एकाच वास्तूत समान मानाने मांडली. आदिवासी हा भूतकाळातला मनुष्य नसून आपला समकालीन आहे ही त्यांची भूमिका होती. ती भूमिका मोठी होती आणि तिचे ऋण नाकारण्यात अर्थ नाही. परंतु समकालीनत्व भिंतीवर मिळाले आणि जमिनीवर मिळाले नाही, ही तिची मर्यादाही मांडली पाहिजे. चित्र शेजारी लागले म्हणून चित्रकाराचे गाव धरणातून किंवा अभयारण्यातून वाचले नाही. आणि कुजण्याविषयी म्हणायचे तर, लाकूड कुजते हे कोरकूंनाही ठाऊक होते. तरी त्यांनी लाकूडच निवडले. जुने कुजेल, त्याच जागी पुढच्या पिढीचे नवे उभे राहील, असा त्या जागेचा हिशोब होता. त्या हिशोबात टिकायची होती ती जागा. आपण वस्तू टिकविली आणि जागा घालविली.

मेळघाटात हे शब्दशः घडले. २२ फेब्रुवारी १९७४ रोजी मेळघाट हा देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झाला. वाघ वाचावा याला कोणाचा विरोध असण्याचे कारण नाही. पण पुढे गावे हलू लागली. २००१ नंतरच्या काळात बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलातून उठविण्यात आली, नंतरच्या दशकात आणखी उठली. पैसा मिळाला, जमीन मिळेल असे सांगितले गेले. २०१९ च्या जानेवारीत पुनर्वसित गावांमधले काही लोक आपल्या जुन्या गावठाणाकडे परत गेले आणि तेथे वनकर्मचारी, पोलीस आणि आदिवासी यांच्यात संघर्ष झाला. या घटनेची चर्चा नुकसानभरपाईच्या आकड्यांत झाली. ती आवश्यकच होती. परंतु एक प्रश्न त्यात कोणी विचारला नाही. गाव ट्रकमध्ये भरून हलविता येते, कुळाची सिडोलीची जागा कशी हलविणार? जिवंतांचे पुनर्वसन झाले, मृतांचे काय? यापुढे जो मरेल त्याला आपल्या पितरांशेजारी उभे राहायचे असेल तर वनखात्याच्या फाटकावर परवानगी मागावी लागेल काय?

आणखी एक गोष्ट. मेळघाट हे नाव उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक आहे ते मृत्यूमुळेच. १९९३ मध्ये तेथील बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या आणि तेव्हापासून जवळजवळ दरवर्षी मेळघाटचे मृत्यू आकड्यांत मोजले जातात, विधानसभेत मांडले जातात, न्यायालयात सादर होतात. आकडे मोजलेच पाहिजेत, नाहीतर सरकार तेही नाकारील. पण शासनाच्या नोंदवहीत कोरकूचा मृत्यू आकडा आहे, कलासमीक्षकाच्या वहीत तो आकृतिबंध आहे, आणि त्याच्या कुळाच्या जागेवर तो कोणाचातरी माणूस आहे. या तीन नोंदींपैकी तिसरीला आपल्या सार्वजनिक जीवनात काहीच वजन नाही, हे मला सर्वांत गंभीर वाटते.

वजन मिळविण्याची वाट कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. त्यांतील तेराव्या नियमात वनहक्काच्या दाव्यासाठी ग्राह्य पुराव्यांची यादी आहे. वहिवाटीची प्राचीनता दाखविणाऱ्या पारंपरिक रचना म्हणून त्यात विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. याचा अर्थ असा की सिडोलीची जागा आणि तेथला मुंडा हा कायद्याच्या भाषेत पुरावा आहे. ज्याला आपण पन्नास वर्षे कलावस्तू म्हणत आलो ते प्रत्यक्षात त्या कुळाचे सातबाराचे पान होते. जो मुंडा गावातून विकत नेला गेला, तो दाव्यातून एक साक्षीदार पळविला गेला.

कोरकूंच्या भाषाभगिनींना हे केव्हाच उमगले आहे. छोटानागपूरच्या मुंडांमध्ये कुळाच्या दफनशिलांना ससनदिरी म्हणतात, आणि या शिळा हेच आमच्या जमिनीचे पट्टे आहेत ही त्यांची जुनी भूमिका आहे. २०१७-१८ मध्ये झारखंडच्या खुंटी भागात पत्थलगडीची चळवळ झाली तेव्हा गावाच्या सीमेवर उभ्या केलेल्या शिळांवर संविधानाची पाचवी अनुसूची आणि १९९६ च्या पेसा कायद्यातील तरतुदी रंगविल्या गेल्या. पूर्वजांची शिळा आणि बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली सिद्ध झालेले संविधान एका दगडावर आले. शासनाने त्यावर राजद्रोहाचे गुन्हे नोंदविले. ज्या दगडाला काल 'आदिम श्रद्धा' म्हटले त्यावर आज अक्षर उमटताच तो राजद्रोह ठरला, यावरून दगडाच्या मुक्या राहण्यात कोणाचे हित होते ते कळते.

आता नागपूरच्या बौद्ध वाचकाची शंका. ती माझ्याही मनात आली, कारण मीही त्याच परंपरेत वाढलो आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथेच घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध आणि पिंडदान नाकारले आहे. मग पितरांच्या लाकडाची तरफदारी आपण कशी करावी? मला वाटते, प्रतिज्ञेने नाकारली ती मृतांवरची पुरोहिताची मक्तेदारी आणि परलोकाच्या भीतीवर चालणारा व्यापार. स्मरण नाकारले असते तर स्तूप उरलाच नसता. स्तूप मुळात अस्थींवरचा ढिगारा आहे, आणि दीक्षाभूमीवर आपण जो उभारला तोही स्मरणच आहे. आपण आपले स्मरण पुरोहिताच्या हातून सोडविले. कोरकूंनी ते त्याच्या हाती दिलेच नव्हते. या मुद्द्यावर त्यांना आपल्याकडून शिकण्यासारखे थोडे आणि आपल्याला त्यांच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे.

याचा अर्थ मुंड्याभोवतीचे सारे गोड मानावे असा नाही. सिडोलीचा खर्च जड आहे आणि तो कर्जाच्या वाटेने जातो. हा प्रश्न कोरकू कार्यकर्त्यांनीच सोडवायचा आहे. घोड्यावरची शस्त्रधारी आकृती पुरुषाची आहे, हेही नजरेआड करू नये. जंगलाची अर्थव्यवस्था ज्या बाईच्या डोक्यावरच्या मोळीवर चालते तिची मोळी लाकडावर का आली नाही, हा प्रश्न कोरकू मुलीने विचारावा आणि उत्तरही तिनेच कोरावे. बस्तरात दंडामी माडियांच्या नव्या स्मृतिशिळांवर मोटारी, विमाने, मोटारसायकली रंगविलेल्या दिसतात. परंपरा जिवंत असली की ती बदलायला कोणाची परवानगी घेत नाही. तिला 'शुद्ध' ठेवण्याचा हट्ट फक्त गिऱ्हाईकाचा असतो.

१९७९ मध्ये भद्रावतीला पहिले आदिवासी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आदिवासी लेखक एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत सांगत आहेत: आमच्याविषयी बोलू नका, आम्हाला बोलू द्या. भुजंग मेश्राम, वाहरू सोनवणे यांच्या पिढीने ते कवितेत सांगितले. समीक्षेने ते वस्तूंच्या बाबतीतही ऐकले पाहिजे. म्हणून मी काही साध्या मागण्या मांडतो. सार्वजनिक संग्रहालयातील प्रत्येक मुंड्याखाली गाव, कूळ, मिळाल्याचे वर्ष आणि दिलेली किंमत लिहावी. माहिती नसेल तर 'हे विचारले गेले नाही' असे लिहावे. ज्या गावाचा मुंडा त्या ग्रामसभेला तो परत मागण्याचा अधिकार असावा. मेळघाटातील ग्रामसभांनी आपल्या सिडोलीच्या जागांची आणि उभ्या मुंड्यांची वही कोरकू भाषेत तयार करावी, प्रत्येकापुढे माणसाचे नाव घालावे आणि ती वही सामूहिक वनहक्काच्या दाव्याला जोडावी. उठविलेल्या गावांच्या लोकांना आपल्या कुळाच्या जागेवर जाण्याचा हक्क कागदावर मिळावा. हे काम मुख्यतः कोरकू तरुणांचे आहे. परंतु नागपूर-अमरावतीच्या महाविद्यालयांतील आपल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्या हाताखाली लिहिण्या-मोजण्याचे काम केले तर ते आदिवासी संस्कृतीवरच्या दहा परिसंवादांपेक्षा मोलाचे ठरेल.

कोरेगावच्या दगडावर नावे होती म्हणून आपल्याला आपला इतिहास वाचता आला. कोरकूंच्या लाकडावर नावे नाहीत. ती अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. ती माणसे आहेत तोवर वही उघडली पाहिजे.